सरड्यांचा श्रावण

माझ्या धंद्यावर वर्षातून दोनदा मंदी येते. मार्गशीर्षात थंडी पडली की सरड्यांची भूक जाते, आणि आषाढ सरून श्रावण लागला की त्यांच्या मालकांची नियत बदलते. पहिली मंदी निसर्गाची. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. लिहायला बसलोय ते दुसरीबद्दल, आणि खरं सांगायचं तर लिहिताना मान वर होत नाही.

धंदा कोणता ते आधी सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं, हा माणूस काय बडबडतोय. जालन्यात माझं दुकान आहे. पाटीवर मासे रंगवलेत. पुढच्या भागात काचेच्या टाक्या, लव्हबर्डचे पिंजरे, माशांचं खाद्य, खालच्या फळीवर कुत्र्यांचे पट्टे. पण घर चालतं ते मागच्या खोलीवर. त्या खोलीत मी आणि माझी बायको शोभा किडे वाढवतो. हो, किडे. प्लास्टिकच्या मोठ्या डब्यांत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावायचे आणि त्यात रातकिडे सोडायचे. त्यांना गव्हाचा कोंडा, गाजराचे काप, भोपळ्याची सालं टाकायची. शेजारच्या ट्रेमध्ये नुसता कोंडा पसरायचा, त्यात पिवळ्या अळ्या पोसायच्या. ज्यांच्या घरी किडे खाणारे पक्षी आहेत, मोठे मासे आहेत, सरडे आहेत, ते हे घेऊन जातात. आमच्या मागच्या खोलीत बाराही महिने किर्र आवाज चालू असतो. नवीन गिऱ्हाईक दचकतं. आम्हाला तो बंद पडला तरच दचकायला होतं.

सरडे म्हणजे आपल्या बांधावरचे नव्हेत. आपल्याकडचा सरडा, घोरपड पाळणं गुन्हा आहे. मी कुणाला पाळू देत नाही आणि त्यांच्यासाठी खाद्यही देत नाही. हे सरडे मूळचे ऑस्ट्रेलियातले, हनुवटीखाली काटेरी दाढी असलेले, तळहातापेक्षा थोडे मोठे. पोरं त्यांना 'बिअर्डी' म्हणतात. ते पाळायचे तर सरकारकडे नोंद करावी लागते. बियाणं कंपन्यांत नोकरीला आलेली पोरं, लोखंडाच्या कारखानदारांची मुलं, छत्रपती संभाजीनगरचे काही हौशी, असं माझं गिऱ्हाईक. घनसावंगीलाही एकजण आहे, उसाचा बागायतदार. एकदा त्याच्यासाठी रातकिड्यांचा डबा बसमध्ये ड्रायव्हरच्या मागं ठेवून दिला. अंबड सोडलं आणि किडे गायला लागले. कंडक्टरनं फोन केला, "दत्ताभाऊ, ह्ये काय ठिवलंत? बाया म्हणून राह्यल्या, गाडी जंगलातून चालली का काय." मी म्हणालो, पक्ष्यांचं खाद्य आहे. किडे आहेत असं म्हणायला जीभ रेटली नाही.

ती कधीच रेटत नाही. माझं गाव धावडा, भोकरदन तालुक्यातलं. थोरला भाऊ माळकरी आहे. गावी गेलो आणि कुणी विचारलं, काय चाललंय, की मी म्हणतो, माशांचं दुकान. तरी गावाला सगळं कळतं. पारावर एकानं तोंडावर विचारलं होतं, "जित्ते किडे इकून पोट भरतो म्हणं तू, खरं हाय का?" भाऊ शेजारीच बसलेला. तो नुसता दुसरीकडे बघत राहिला. त्या दिवसापासून श्रावणात मी गावी जात नाही. जालन्यातही श्रावण लागला की मागच्या खोलीच्या दाराला पडदा लावतो. त्या महिन्यात कुणाच्या घरी डबा घेऊन जात नाही. ज्याला पाहिजे त्यानं दुकानात यावं आणि गुपचूप घेऊन जावं. एक पोरगं तर शेव-चिवड्याची पिशवी घेऊन येतं आणि डबा तिच्यात ठेवून नेतं, म्हणजे घरी आजीला संशय नको.

आता सरड्याच्या भुकेबद्दल चार गोष्टी सांगतो, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आपलं अंग आतून गरम असतं. सरड्याला ऊब बाहेरून घ्यावी लागते. म्हणून त्याच्या काचेच्या पेटीत एका टोकाला दिवा लावतात आणि त्याखाली फरशीचा तुकडा ठेवतात. सकाळी तो फरशीवर बसून अंग तापवतो, मग खातो, खाल्लं की पचवायला पुन्हा दिव्याखाली येतो. ऊब नाही तर पचन नाही, पचन नाही तर भूक नाही. थंडीत दिवस लहान झाला की पेटीत दिवा असला तरी त्याच्या अंगाला ते कळतं. खाणं कमी करतो, कोपऱ्यात जाऊन झोपून राहतो. नव्या पाळणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. मी सांगतो, तराजूवर ठेवा. वजन टिकून असेल तर झोपू द्या, फाल्गुनात उठेल आणि तुम्हाला खाईल. वजन उतरत असेल तर ती थंडी नव्हे, दुखणं आहे. आपल्या मे महिन्यात पत्र्याखालची खोली इतकी तापते की वाळवंटातला हा प्राणीही तोंड वासून बसतो, तेव्हाही खात नाही. पावसाळ्यात ओल वाढते, वीज जाते, दिवा विझतो, तेव्हाही थोडा मंदावतो. म्हणजे कोणत्याही महिन्यात विचारा, सरडा का खात नाही याचं हवामानाचं एक उत्तर माझ्याकडे तयार असतं. आणि ते बहुतेक वेळा खरंही असतं.

पण हे सगळं एका पेटीत एक सरडा असेल तेव्हाचं. दोन ठेवले की कोण का खात नाही हे हवामानावरून सांगता येत नाही. बघणाऱ्याला वाटतं, काय माया आहे, एकमेकांच्या अंगावर चढून बसलेत. ती माया नसते. वरचा खालच्याची ऊब अडवून बसलेला असतो. मोठा दिव्याखालची फरशी बळकावतो, धाकटा गार कोपऱ्यात जातो. अंग तापत नाही म्हणून त्याला भूक लागत नाही, खात नाही म्हणून वाढत नाही. मालक म्हणतो, ह्याची तब्येतच नाजूक. हे मला पाठ आहे. गिऱ्हाइकांना मी तोंडपाठ म्हणून दाखवतो. मालतीबाईंनाही म्हणून दाखवलं होतं, पण हळू आवाजात.

मालतीबाई भोकरदनच्या शाळेत शिकवायच्या. निवृत्त होऊन जालन्याला मुलाजवळ आल्या. नवरा वारलेला. मुलगा निखिल एका बियाणं कंपनीत होता, त्यानंच पुण्याहून ही दोन पिल्लं आणली, आणि माझं खाद्य त्याच्याकडे जायचं. मागच्या उन्हाळ्यात कंपनीनं त्याला जर्मनीला पाठवलं. जाताना आईला सांगून गेला, दिवाळीला येतो, तोवर ह्यांना सांभाळ. बाईंनी आयुष्यात पालीला कधी झाडूनं ढकललं नव्हतं, शेजारणीला बोलवायच्या. पण त्यांनी त्या दोघांना सांभाळलं. एकाला थोरला म्हणायच्या, एकाला धाकटा. मेथी निवडून, धुऊन, बारीक चिरून द्यायच्या. किडे मात्र स्वतः सोडायच्या नाहीत. आठवड्यातून दोनदा मी डबा घेऊन जायचो, मी चिमट्यानं खाऊ घालायचो आणि त्या तेवढा वेळ देवघरात जाऊन बसायच्या.

पहिल्याच खेपेला मी म्हणालो, "बाई, जमलं तर हे दोघं वेगळे ठेवा. मोठं झाल्यावर एकत्र ऱ्हात न्हाईत."

"निखिल म्हणतो, लहानपणापासून एकत्र आहेत." मग थोडं थांबून म्हणाल्या, "आणि वेगळे केले तर फोनमध्ये दोघं एकदम दिसणार कसे?"

मला काही कळलं नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं. निखिल रोज संध्याकाळी व्हिडिओ फोन करायचा. "आई, जेवलीस का, एवढं विचारतो. मी हो म्हणते. मग म्हणतो, पेटी दाखव. मी फोन काचेला लावून धरते. तो तिकडून त्यांच्याशी बोलतो, हसतो. मी बाजूला उभी राहून ऐकते." त्या हे अगदी शिकवल्यासारखं सरळ सांगत होत्या. "मी तक्रार करून नाही राह्यले, दत्ताभाऊ. कॉलेजला पुण्यात होता तेव्हा त्याचा फोन सणासुदीला यायचा. आता रोज येतो. ह्या दोघांमुळं का होईना, रोज त्याचा आवाज येतो घरात."

मी रिकामा डबा उचलून निघालो. अन्वरभाई आमच्या टाक्या बनवतो. त्याला सांगितलं असतं तर दोन दिवसांत दुसरी पेटी झाली असती. दोन पेट्या शेजारी ठेवल्या असत्या तरी फोनमध्ये दोघं दिसले असते. एवढी साधी गोष्ट मला तेव्हा सुचली नाही. सुचली नाही म्हणण्यापेक्षा, बाईंना नाही म्हणायची वेळ येऊ नये म्हणून मी ती सुचू दिली नाही.

आषाढाच्या शेवटी त्यांनी मला जेवायला बोलावलं. घरी काही पूजा होती. मी दोघांना खाऊ घालून निघालो होतो, तर म्हणाल्या, पान वाढलंय. मला पाट दिला, समोर रांगोळी काढलेली, पुरणपोळी, वर तूप. किडे विकणाऱ्याला पाटावर बसवून कुणी वाढलेलं मला आठवत नाही. सख्ख्या भावाच्या घरी मी ओसरीत जेवतो, आणि कुणी म्हणतही नाही, आत ये. त्या दिवशी मला फार आनंद झाला होता.

वाढता वाढता बाईंनी विचारलं, "दत्ताभाऊ, श्रावण लागतोय. ह्या महिन्यात घरात जीवहत्या नको वाटते. एरवी मी डोळे झाकून घेते, पण श्रावणात नाही हो होत. महिनाभर हे दोघं भाजीपाल्यावर राहतील ना?"

खरं उत्तर मला माहीत होतं. पुरा वाढलेला सरडा भूक राहिली तरी महिनाभर पाल्यावर तगून राहतो. थोरला वाढलेला होता. धाकटा मागं पडलेला, अजून वाढीच्या वयात, त्याला किड्यांवाचून भागणार नव्हतं. आणि भुकेल्या थोरल्याबरोबर एका पेटीत तर त्याला ठेवायलाच नको होतं. एवढं बोलायला कितीसा वेळ लागतो? पण त्या पाटावर बसून, हातात पुरणपोळी असताना, मला पुन्हा किडेवाला व्हायचं नव्हतं. श्रावण पाळणाऱ्या बाईला श्रावणात किडे घ्या म्हणायचं नव्हतं. मी थोरल्याचं उत्तर दोघांसाठी दिलं.

"राहतील की, बाई. काय होतंय महिनाभरानं."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगितलं म्हणजे माझा घोर मिटला." आणि आणखी एक पोळी वाढली.

घरी येऊन शोभाला सांगितलं. तिला किड्यांची घाण वाटत नाही आणि माणसांची भीडही वाटत नाही. ती कोंडा चाळत होती, हात थांबवून म्हणाली, "आन् धाकट्याचं काय?"

"होईल बराबर. मेथी खातो तो."

"पोटचं लेकरू असतं तर सांगितलं असतं का असं?"

मी म्हणालो, तू गप बस, सरडा आहे तो, लेकरू नाही. ती चाळणी जोरजोरात हलवायला लागली.

श्रावणात मी त्यांच्या घरी गेलो नाही. माझा तो नियमच होता, आणि त्या वर्षी तो पाळायला मला फार सोपं गेलं. बाईंचे फोन यायचे. नागपंचमीला त्यांनी पेटीपुढं लाह्या आणि दूध ठेवलं, त्या दिवशी चिरायचं नसतं म्हणून मेथीची अख्खी पानं टाकली, हे मला कौतुकानं सांगितलं. थोरल्यानं एक लाही चाटली म्हणे. मीही हसलो. मग एक दिवस म्हणाल्या, "धाकटा खाऊन नाही राह्यला हो. कोपऱ्यातच बसून असतो."

"हवा बदललीय, बाई. पावसाळ्यात मंदावतात."

"निखिललाही मी तेच सांगितलं. तो म्हणाला, दत्ताकाका म्हणतात तर असेल."

आणखी काही दिवसांनी पुन्हा तीच तक्रार, पुन्हा माझं तेच उत्तर. वजन करा, हे जे मी सगळ्यांना सांगतो, ते ह्यांना सांगितलं नाही. वजन उतरलेलं निघालं असतं तर मला जाऊन तोंडानं कबूल करावं लागलं असतं. दुकानापासून त्यांचं घर रिक्षानं जायच्या अंतरावर होतं. मी गेलो नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडत होतो, तर बाई पायरीशी उभ्या. फोन न करता कधी आल्या नव्हत्या. केस विंचरलेले नव्हते. एवढंच म्हणाल्या, "चला."

पेटीत थोरला दिव्याखाली फरशीवर बसला होता. फरशीवर रक्ताचे डाग होते. धाकटा पाण्याच्या वाटीमागं अंग चोरून पडला होता. पुढचा एक पाय पंजापासून गेलेला, शेपटीचं टोक नाही, आणि अंगावरचं कातडं ओघळलेलं, बरगड्या मोजाव्यात असा. मी त्याला उचललं तेव्हा त्यानं धडपड केली नाही. एरवी हा चपळ प्राणी हातात येत नाही.

बाई माझ्या मागं उभ्या होत्या. "मी पूजा करून आले आणि बघते तर हे. ह्या घरात मी मुंगीवर पाय पडू देत नाही." मग त्यांनी विचारलं, "थोरल्याला भूक लागली होती का?"

"हो, बाई."

"आणि धाकट्याला?"

"त्यालाही."

"मग हवा बदलली म्हणून खात नव्हता, ते?"

मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. त्यांनी मला बोल लावला असता तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त एक जुना मऊ टॉवेल आणून दिला, गरम पाण्याची बाटली भरून दिली आणि पायात चप्पल घातली. संभाजीनगरला एक डॉक्टर असे प्राणी बघतात. गाडी करून गेलो. बाईंनी धाकट्याला टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर धरलं होतं. ज्या बाई पालीला घाबरायच्या, त्या वाटभर बोटानं त्याचं डोकं कुरवाळत होत्या.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी उरलेला पाय खांद्यापासून काढून टाकला, इंजेक्शनं दिली, जगेल म्हणाले. मग विचारलं, "वाढीचं पिल्लू मोठ्याबरोबर ठेवून त्याचे किडे बंद करायला कुणी सांगितलं?"

मी बोलायच्या आत बाई म्हणाल्या, "मीच केलं. श्रावण होता ना."

मी तिथंही गप्प राहिलो.

दुपारी परत आल्यावर अन्वरभाईकडे गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं, हातातली काच खाली ठेवली. "मियाँ, आप तो सब को बोलते फिरते, दो को एक में मत रखो. फिर?" त्यानं दुसऱ्या गिऱ्हाइकाची टाकी बाजूला सारून संध्याकाळपर्यंत पेटी करून दिली. ती मी स्वतः नेऊन बसवली, दुसरा दिवा लावला. श्रावण संपला होता, तरी बाई या वेळी देवघरात गेल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातातून चिमटा घेतला आणि धाकट्याच्या तोंडापुढं अळी धरली. त्याला खायला बराच वेळ लागला. त्या तशाच वाकून राहिल्या.

पुढचे काही दिवस त्या निखिलला फक्त थोरला दाखवत होत्या. धाकटा झोपलाय, धाकटा दगडामागं आहे, असं काहीतरी सांगायच्या. आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून शिकवत आलेली बाई. मी रोज जखमेवर औषध लावायला जात होतो. एका संध्याकाळी मी तिथं असतानाच फोन आला. बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि फोनवर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "विचारलं तर हवेमुळं खात नाही असंच सांगा. दिवाळीपर्यंत भरून येईल. तो आला की समोर बसवून सांगीन मी."

निखिलनं विचारलंच. "आई, काकांना दे जरा. काका, धाकटा दिसतच नाही हल्ली. काय झालंय त्याला?"

आता मी खोटं बोलू शकलो असतो. महिनाभर बोललोच होतो. पण ते दिवस माझे असे गेले होते की घास उतरत नव्हता, शोभा माझ्याशी कामापुरतं बोलत होती, डॉक्टरांपुढं बाईंनी माझा दोष स्वतःवर घेतला तो प्रसंग डोळ्यांपुढून जात नव्हता. मला ते ओझं एकदाचं टाकायचं होतं. मी सगळं सांगून टाकलं. पाल्यावर राहतील असं मी म्हणालो, खात नाही तर हवा आहे असं मी म्हणालो, बघायला मी आलो नाही, दोष माझा आहे, आईचा नाही. बोलताना बाईंकडे बघितलंच नाही. बघितलं असतं तर कदाचित थांबलो असतो.

निखिल म्हणाला, "आईला दाखवायला सांगा." बाईंनी दाखवलं. तो चिडला नाही, ओरडला नाही. शांतपणे म्हणाला, "थँक्यू काका, तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं. आई, तू सांगितलं नाहीस." आणि नंतर, "तुझा दोष नाही गं. पण तुला हे जमणार नाही. मी विशालला पाठवतो, तो घेऊन जाईल दोघांना."

विशाल त्याचा मित्र, संभाजीनगरचा. चांगला मुलगा. रविवारी आला, दोन वेगवेगळ्या पेट्यांत दोघांना ठेवून नेलं. धाकटा आता तिथं आहे, तीन पायांवर चांगला चालतो, खातो, वजन धरतो. विशाल खाद्य माझ्याकडूनच नेतो, त्यामुळं मला कळत असतं. निखिल रोज संध्याकाळी विशालला फोन करतो.

बाईंना तो फोन करतो, नाही असं नाही. रविवारी करतो, कधी चुकतो. आईनं लपवलं हे त्याच्या मनातून गेलेलं नाही, आणि ते उघडं पडलं माझ्या सांगण्यातून, जे मी मोठं शहाणपण केल्याच्या थाटात सांगितलं होतं. माझं मन हलकं झालं हे खरं. त्या रात्री मी पोटभर जेवलो, हेही खरं. पण ते सांगायचा हक्क बाईंचा होता. दिवाळीला त्यांनी समोर बसवून आपल्या तोंडानं सांगितलं असतं, आणि मुलगा रागावला असता तरी घरात असता. भिडेपोटी खोटं बोललो तेव्हाही मी माझाच विचार केला, आणि खरं बोललो तेव्हाही. दोन्ही वेळा भोगलं मात्र त्यांनी. दिवाळीला निखिलला सुट्टी मिळाली नाही.

दिवाळीनंतर थंडी सुरू झाली. सरडे खायचे कमी झाले, माझं गिऱ्हाईक कमी झालं. अशाच एका दुपारी बाई दुकानात आल्या. पोळ्यानंतर त्यांनी दुकानाची पायरी चढलेली नव्हती. त्यांनी मागच्या खोलीकडे बघितलं, मग टाक्यांपुढून सावकाश चालत गेल्या. एका बरणीतल्या निळ्या फायटरपाशी थांबल्या. हा मासा एकटाच ठेवावा लागतो, त्याला कुणी शेजारी चालत नाही.

"हा फोनमध्ये नीट दिसेल का हो?" त्यांनी विचारलं.

"दिसेल, बाई. रंग चांगला दिसतो त्याचा."

"निखिलला आवडेल? म्हणजे, रोज बघावंसं वाटेल असा?"

हो म्हणायला माझं तोंड उघडलंच होतं. तीस वर्षांची सवय. शोभा पडद्याआडून माझ्याकडे बघत होती. मी बरणी फळीवरून काढली, पुसली, परत ठेवली.

"मला न्हाई वाटत, बाई," मी म्हणालो. "माशासाठी तो रोज फोन करणार न्हाई."

त्या बरणीकडे बघत उभ्या राहिल्या. मासा काचेजवळ आला, कल्ले फुलवून त्यांच्या बोटाकडे बघायला लागला. त्यांनी बोट डावीकडे नेलं, तो डावीकडे गेला.

"मग मला बघायला द्या," त्या म्हणाल्या.

मी पिशवीत पाणी घेतलं, मासा सोडला, हवा भरून रबर लावला. सवयीनं सांगायला लागलो, दाणे किती टाकायचे, पाणी कधी बदलायचं. त्यांनी हातानं मला थांबवलं.

"इथं नका सांगू. घरी या, ह्याला कुठं ठेवते ते बघा, आणि मग सांगा."

शोभा पडदा सारून बाहेर आली आणि न बोलता गल्ल्यावर बसली. मी पिशवी हातात घेतली आणि मान खाली घालून त्यांच्या मागं चालायला लागलो.